कप खंय आसा?

गणपतीत चाकरमानी घरी आले, रात्रीचे भजन आटोपले आणि काळ्या वाटाण्यांच्या उसळीच्या वाट्या पुढे आल्या, की आमच्या मालवणच्या घरातल्या पडवीवर वादाला तोंड फुटते. वाद राजकारणाचा नसतो, देवाधर्माचाही नसतो. तो फुटबॉलचा असतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना याचे हसू येते. परंतु मालवणच्या माणसाने कुडाळ गाठून कोकण रेल्वेची गाडी पकडली, की मडगाव त्याला परमुलूख वाटत नाही. आणि मडगावला लागूनच फातोर्ड्याचे मैदान आहे. त्या मैदानावर खेळणारा एफसी गोवा हा संघ आम्ही आपलाच मानतो. तो आम्हांला विचारून खेळत नाही, ही गोष्ट वेगळी.

परवा प्रश्न निघाला तो असा: इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंत या संघाचे अकरा हंगाम झाले. त्यांत सर्वांत चांगला कोणता? मी म्हणालो, २०१९-२०. शेजारचे अण्णा उसळीची वाटी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "मास्तरांनू, कप खंय आसा?" सारी पडवी हसली. मग मुंबईचा भाचा हातातल्या फोनवर बोट फिरवीत म्हणाला, "मामा, तुम्ही दोघेही चुकताय. २०२४-२५ चा हंगाम श्रेष्ठ. अठ्ठेचाळीस गुण! इतके गुण गोव्याने कधीच मिळवले नव्हते."

त्या रात्री मी गप्प बसलो. पण गप्प बसणे हा मास्तराचा धर्म नव्हे, म्हणून हा लेख. माझे म्हणणे एवढेच आहे, की अण्णांनी आकडे पाहिलेच नाहीत आणि भाच्याने ते नुसतेच पाहिले. दोन्ही पापे सारखीच, आणि दोन्ही आपण फुटबॉलच्या बाहेरही रोज करतो.

आधी अण्णांच्या कपाकडे वळू. कप मोजूनच हंगाम ठरवायचा, तर गोव्याने २०२१ च्या ऑक्टोबरात ड्युरँड कप जिंकला. छान झाले. पण त्याच २०२१-२२ च्या हंगामात लीगमध्ये या संघाने वीस सामन्यांत चारच जिंकले, नऊ हरले आणि अकरा संघांत नववा नंबर मिळवला. उलट २०१५ साली हाच संघ लीगच्या तक्त्यात पहिला होता. फातोर्ड्याला अंतिम सामना झाला, सामना संपायला तीन मिनिटे उरली असताना गोवा २-१ असा पुढे होता, आणि शेवटच्या घटकेला चेन्नईयिनने दोन गोल करून तो ३-२ असा नेला. अण्णांच्या हिशेबाने नववा आलेला हंगाम मोठा आणि पहिला आलेला छोटा! हा न्याय नव्हे, ही सोडत झाली.

आणि २०१९-२० चे काय? त्या वर्षी गोव्याने अठरा सामन्यांत बारा जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, तीनच हरले. शेहेचाळीस गोल केले, म्हणजे सामन्याला अडीचाहून जास्त. अखेरचे तीन साखळी सामने उरले असताना प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना जावे लागले. जबाबदारी आली ती क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच माणसावर, जो पूर्वी धेंपो क्लबकडून खेळला होता. त्याच्या हाताखाली संघाने तिन्ही सामने जिंकले. शेवटचा तर जमशेदपूरला जाऊन ५-० असा. लीगमध्ये पहिल्या येणाऱ्या संघाला ढाल देण्याची प्रथा त्याच वर्षी सुरू झाली आणि ती पहिली ढाल गोव्याने आणली. तिच्याच जोरावर २०२१ साली आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात उतरणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला.

परंतु उपांत्य फेरीत चेन्नईला ४-१ अशी हार झाली. फातोर्ड्याला परतून आमच्या पोरांनी ४-२ असा सामना जिंकला, तरी दोन्हींची बेरीज ६-५ अशी उलटी पडली. मग १४ मार्च २०२० रोजी अंतिम सामना झाला, तोही फातोर्ड्यालाच, रोगाच्या भीतीने रिकाम्या ठेवलेल्या मैदानात; आणि खेळले कोण, तर कोलकात्याचा आणि चेन्नईचा संघ. अण्णा, कप खंय आसा हे तुम्ही विचारता. चार महिने खेळून पहिला आलेला संघ एका वाईट रात्रीने लहान कसा झाला, हे मी विचारतो.

अण्णांची स्वतःची होडी आहे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यापासून पावसाळ्यात होड्या वर ओढेपर्यंत ते समुद्रावर असतात. शेवटच्या दिवशी जाळे रिकामे आले म्हणून सबंध हंगाम बुडाला, असे त्यांनी कधी म्हटल्याचे मला आठवत नाही. समुद्राला जो न्याय, तो पोरांना का नाही?

आता भाच्याकडे येतो. त्याचे आकडे खरे आहेत. २०२४-२५ मध्ये ४८ गुण, २०२३-२४ मध्ये ४५ आणि २०१९-२० मध्ये ३९. शंकेला जागा नाही, असे वाटते ना? पण सामने किती झाले, ते त्याने सांगितले नाही. २०२४-२५ ला चोवीस, २०२३-२४ ला बावीस, २०१९-२० ला अठरा. मी फार शिकलेला माणूस नाही, पण त्रैराशिक मला येते. अठरा सामन्यांत एकोणचाळीस, तर चोवीस सामन्यांत किती? बावन्न. दर सामन्याचा हिशेब केला तर २०१९-२० ला २.१७ गुण पडतात, २०२३-२४ ला २.०५ आणि २०२४-२५ ला बरोबर २. म्हणजे बेरजेने जो क्रम लागला, तो भागाकाराने जसाच्या तसा उलटा झाला. अण्णांनी हंगामाची मासळी मोजताना आधी फेऱ्या किती मारल्या ते विचारले असते. भाच्याच्या फोनने विचारले नाही.

येथे प्रामाणिकपणे माझ्याविरुद्धही बोलले पाहिजे. २.०५ आणि २ यांतला फरक नखाएवढा आहे. एका सामन्याचा निकाल फिरला असता, तर क्रमही फिरला असता. शिवाय २०१९-२० ला लीगमध्ये दहा संघ होते आणि २०२४-२५ ला तेरा; लांबच्या वाटेवर टिकणे अवघड असते. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये. गोलांकडे पाहा. केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा केले तर २०१९-२० ला तेवीस उरतात, तेही अठरा सामन्यांत. २०२३-२४ ला अठरा आणि २०२४-२५ ला सोळा. तक्त्यातली जागा पाहा: पहिली, तिसरी आणि दुसरी. तीन साक्षीदार वेगवेगळ्या वाटेने येऊन एकच गोष्ट सांगत असतील, तर कोर्टसुद्धा मान डोलावते.

आणखी एक गंमत सांगतो. २०१४ ला गोव्याने चौदा सामन्यांत सहा जिंकले, चार बरोबरीत सोडवले. २०२०-२१ ला वीस सामन्यांत सात जिंकले आणि दहा बरोबरीत ठेवले. विजयाला तीन गुण या आजच्या नियमाने २०१४ किंचित सरस ठरते. पण इंग्लंडात १९८१ पर्यंत आणि जागतिक स्पर्धेत १९९० पर्यंत विजयाला दोनच गुण होते. त्या जुन्या नियमाने मोजले, तर २०२०-२१ सरस! खेळ तोच, पोरे तीच, गोल तेच. मोजणाऱ्याने विजयाची किंमत बदलली आणि क्रम बदलला. तेव्हा आकडे खोटे बोलत नाहीत हे खरे, पण प्रश्न विचारणारा माणूस असतो, हेही खरे.

आता माझे साहित्यिक मित्र म्हणतील, की खेळाचे सौंदर्य आकड्यांत मावत नाही. तू कादंबरीकार असून हिशेब कसला मांडतोस? त्यांना माझे उत्तर आहे, की सौंदर्याची राखण नुसत्या आठवणीवर सोपवू नका. आठवण फार आळशी आहे. ती शेवटचे तेवढे जपते आणि मधले सारे विसरते. २०१५ म्हटले, की लोकांना ती शेवटची मिनिटे आठवतात. त्याच वर्षी मुंबईवर ७-० असा मिळवलेला विजय कोणाला आठवतो? तो तक्त्याने जपून ठेवला आहे.

हे सारे एवढ्या पोटतिडकीने का लिहितो, ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी मी वर्गाचा क्रम लावला होता. वीस-वीस गुणांच्या सहा चाचण्या. गुणांची बेरीज केली आणि यादी फळ्याशेजारी डकवली. एक मुलगी नववी आली. दुपारी ती हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, मी पाचच पेपर दिले होते ना?" एका चाचणीच्या दिवशी तिची आई आजारी होती आणि मासळीची पाटी घेऊन बाजारात हीच बसली होती. पाच चाचण्यांत तिला पंचाऐंशी गुण होते. त्रैराशिक मांडा: सहा चाचण्यांत एकशे दोन. ती वर्गात दुसरी होती. ज्या माणसाने तिला त्रैराशिक शिकवले, त्यानेच ते तिच्यासाठी मांडले नव्हते.

यादी मी त्याच दिवशी बदलली. पण सकाळपासून दुपारपर्यंत ती मुलगी नववी होती, आणि तो अर्धा दिवस मला बदलता आला नाही.

आपला कोकण विभाग दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो, म्हणून आपण पेढे वाटतो, वाटावेत. पण घरी आलेल्या पोराला आपण विचारतो काय? "किती मिळाले?" किंवा "नंबर कितवा?" पहिला प्रश्न भाच्याचा, दुसरा अण्णांचा. "कितीपैकी?" आणि "कशा दिवसांत?" हे प्रश्न मात्र आपण गिळतो.

नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा कडू रस आपण आधी जिभेला लावतो आणि मग फराळाला बसतो. यंदा पोरांची गुणपत्रिका हातात घेण्यापूर्वी एवढा एक भागाकार करून पाहा. आणि अण्णा, कप नाही मिळाला. ढाल आसा.