कोठीची किल्ली

गेल्या महिन्यात या पानासाठी संक्रांतीच्या काटेरी हलव्याविषयी लिहावयाचे मी ठरविले होते. पाक तयार होता, परात कोमट करून ठेवली होती, इतक्यात लेकीच्या घरून नातीचा फोन आला. "आजी, दफेदारसाहेब गेले." एवढेच बोलून ती रडू लागली. तो हलवा झाला नाही आणि लेखही झाला नाही. या पानावर मी बहुधा सणवार, जुने वाडे, माहेर-सासर यांच्या गोष्टी सांगते. घोड्यांचा विषय येथे कधी निघेल असे मलाही वाटले नव्हते. परंतु गेले चार आठवडे मन दुसरीकडे जात नाही, तेव्हा वाचकांनी एवढ्या वेळी सांभाळून घ्यावे.

आदल्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे मुलांकडून दुडकी चाल करवून घेतली होती. वर्ग आटोपल्यावर चहा मागविला, एका घोड्याचा नाल सैल झाला आहे, नालबंदाला निरोप पाठवा म्हणून सांगितले आणि घरी गेले. रात्री छातीत कळ आली. इस्पितळाच्या वाटेवरच सारे संपले. आजार नाही, अंथरूण नाही. पंच्याहत्तरी उलटली होती खरी, पण काठीसारखा सरळ असलेला तो माणूस असा एकाएकी जाईल हे आम्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

मी त्यांच्याकडे गेले ती १९८१ साली, चौदा वर्षांची असताना. तेव्हा इंदुराबाहेरच्या एका माळावर एका हौशी गृहस्थाने सहा घोड्यांची शाळा काढली होती. वडिलांनी मला तेथे घालावयाचे ठरविले तेव्हा घरात मोठेच वादळ उठले. आजी म्हणाली, "मुलीच्या जातीला घोडा कशाला? उद्या हातपाय मोडले तर हिला कोण करील?" वडिलांनी वाद घातला नाही. "आई, ज्यांच्या सुनेने तीस वर्षे राज्य चालविले त्यांच्या गावात आपण राहतो," एवढेच म्हणाले. अहिल्याबाईंचे नाव काढल्यावर आजीला बोलता येत नसे. ती देवासारखी त्यांची तसबीर पुजत असे.

घोड्यावर बसावयास मिळेल म्हणून मी नाचत गेले, तर पहिला महिनाभर माझ्या हाती खराटा आणि खरारा! तबेला झाडा, घोड्याचे अंग घासा, एकेक पाय उचलून खुरात अडकलेले खडे आकड्याने काढा. मी कुरकुर केली तेव्हा ते म्हणाले, "बेटी, जिसका पाँव तुमने हाथ में नहीं लिया, वो तुम्हें पीठ पर क्यों लेगा?" मागून कधी जावयाचे नाही, कारण अगदी पाठीमागचे घोड्याला दिसत नाही, जावयाचेच झाले तर आधी आवाज द्यावयाचा, मानेपासून हात फिरवीत जावयाचे. तंग एकदा आवळून विश्वास ठेवावयाचा नाही, कारण लबाड घोडा पोट फुगवून उभा राहतो. चार पावले चालवून तंग पुन्हा आवळावयाचा. रिकिबीचा पट्टा केवढा ठेवावा, तर बोटांची टोके खोगिराशी टेकवून रिकीब काखेपर्यंत येईल एवढा. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना माझा डावा हात आपोआप लांब होतो आहे.

पुढे बसावयास मिळाले. "एडी नीचे, नजर सामने!" हे तर आमच्या कानांत इतके बसले होते की परीक्षेच्या वर्गातही माझ्या टाचा खाली दाबलेल्या असत. त्यांच्या हातात चाबूक असे, पण तो मी घोड्यावर पडलेला पाहिला नाही. पडणाऱ्या मुलाकडे ते धावत जात नसत. याचा आयांना फार राग येई. ते जागेवरूनच विचारीत, "बाग छोडी थी?" सोडली नसेल तर दोष नाही. सोडली असेल तर उठून आधी घोडा पकडून आणावयाचा, मग गुडघा पाहावयाचा.

ते राजस्थानातील शेखावाटीचे, कायमखानी. एकसष्टाव्या घोडदळात पंधरा वर्षे काढून आलेले. संस्थानांच्या जुन्या घोडदळांतील स्वार एकत्र करून १९५३ साली उभी राहिलेली ही पलटण. तिच्यात राजपूत, कायमखानी आणि मराठे एकत्र नांदतात. दफेदारसाहेब मराठी शिकले ते तेथल्या मराठा स्वारांकडून. आमच्या घरी प्रथम आले तेव्हा त्यांनी आजीला "राम राम, आजी. तुमची नात लई गुणाची हाय," असे म्हटले आणि ती थक्कच झाली. ते गेल्यावर म्हणाली, "तुम्ही मेले सगळे 'मैं बाजारला जाऊन येतो' बोलता, आणि या परक्या माणसाचे मराठी बघा!" आपल्या इंदुरी मराठीची याहून खरी परीक्षा पुढे कोणी केलेली मला आठवत नाही. त्या दिवसापासून तिचा विरोध मावळला. संक्रांतीचा तिळगूळ त्यांच्याकडे जाऊ लागला आणि ईदेचा शिरखुर्मा आमच्याकडे येऊ लागला.

१९८२ च्या अखेरीस दिल्लीला आशियाई खेळ झाले. त्यांत अश्वारोहणाचा समावेश प्रथमच होता. एकसष्टाव्या घोडदळाच्या रघुबीर सिंहांनी सुवर्णपदक मिळविले, सांघिक सुवर्णही आपल्यालाच मिळाले. दफेदारसाहेबांनी त्या दिवशी शाळेतील साऱ्या मुलांना जिलेबी वाटली आणि घोड्यांना गूळ. इतके बोलताना मी त्यांना पुन्हा पाहिले नाही.

त्यानंतर महिना-दीड महिन्यातच ती गोष्ट घडली. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

सितारा नावाची एक कुमैत घोडी होती, कपाळावर पांढरा ठिपका. शाळेत उड्या घेणारी तीच एक, आणि माझी फार लाडकी. जानेवारीतील एका संध्याकाळी वर्ग संपल्यावर मी कोणास न विचारता दाण्याच्या कोठीत शिरले, मूठभर हरभरा काढला आणि तिला चारला. बाहेर भाऊ सायकलची घंटी वाजवीत होता. मी धावत निघाले. कोठीची कडी लावल्याचे मला आठवत नाही. खरे सांगावयाचे तर लावली नव्हती हे मला त्याच रात्री अंथरुणात आठवले होते. पण गार वारा सुटला होता, घरात टेलिफोन नव्हता, आणि सकाळी पाहू असे म्हणून मी कूस बदलली.

सितारा दाताने गाठ सोडण्यात पटाईत होती. रात्री ती सुटली आणि कोठीत जाऊन पोटभर दाणा खाऊन बसली. घोड्याला वांती होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पोटात गेलेले पोटातच राहते, आणि पचविण्यापलीकडचा दाणा त्याच्या अंगात विषासारखा भिनतो. मी पहाटे पोहोचले तेव्हा दफेदारसाहेब तिला दोरीने धरून मैदानात फिरवीत होते. घोडी घामाने भिजलेली, मान वळवून वळवून कुशीकडे पाहत होती, मध्येच गुडघे मोडून लोळावयास बघत होती, आणि ते तिला लोळू देत नव्हते. रात्री एक वाजल्यापासून ते चालत होते. अंगात नुसता सदरा होता. घोंगडी तिच्या पाठीवर होती. मला पाहून फक्त म्हणाले, "पानी ला."

गुरांचे डॉक्टर आले. नाकातून नळी घालून त्यांनी तेल सोडले, सुई टोचली. उजाडल्यावर मालक आले आणि सर्वांदेखत कडाडले, "कोठी उघडी कोणी ठेवली?" मी बादली घेऊन पाच पावलांवर उभी होते. दफेदारसाहेबांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "मेरी गलती है, साहब. कुंडी मैंने नहीं देखी." औषधांचा खर्च त्यांच्या पगारातून दोन महिने कापला गेला. घरी त्यांची दोन लहान मुले होती, हे मला माहीत होते.

घोडी वाचली. पण तिसऱ्या दिवशी तिच्या पुढच्या खुरांत दाह उतरला. पाय विस्तवावर ठेवल्यासारखी ती मागे रेलून उभी राही. आम्ही पाळीपाळीने तिच्या खुरांवर गार पाणी ओतीत असू. त्यानंतर तिने उडी कधी घेतली नाही. लहान मुलांना पाठीवर घेऊन ती कदम चालीने मैदानाला फेऱ्या घाली, आणि माझ्याकडे मात्र पूर्वीसारखीच धावत येई. त्याने मला अधिकच मेल्याहून मेल्यासारखे होई.

आठ-दहा दिवसांनी दफेदारसाहेबांनी कोठीला कुलूप आणले आणि काळ्या दोऱ्यात ओवलेली किल्ली माझ्या हातावर ठेविली. "आज से कोठी तुम बंद करोगी." इतर मुलांना माझा हेवा वाटला. मलाही, सांगावयास लाज वाटते, अभिमान वाटला. आपल्यावर त्यांचा एवढा विश्वास! पुढे अडीच वर्षे, कॉलेजात जाईपर्यंत, रोज संध्याकाळी मी कुलूप लावून ओढून पाहत असे.

त्यांना ठाऊक होते काय? ठाऊक असल्यानेच किल्ली माझ्याकडे आली, की मुलांत मी वयाने मोठी म्हणून? हा प्रश्न मला पुष्कळ उशिरा, स्वतःच्या संसारात, मुलांच्या चुका पोटात घालावयाची वेळ आली तेव्हा पडला. तोवर मी ग्वाल्हेरला होते. इंदुरास परत आल्यावर नातीला त्यांच्याकडेच घातले. शाळा आता दुसऱ्या जागी, मोठी झाली आहे, पण मैदानाच्या मध्यभागी तीच सरळ पाठ आणि तोच आवाज. मला पाहताच ते म्हणाले होते, "एडी नीचे?"

सांगावयाची संधी आली नाही असे नाही. २०२३ च्या सप्टेंबरात चीनमधील हांगचौ येथे भारतीय संघाने अश्वारोहणात सुवर्णपदक मिळविले, १९८२ नंतर एकेचाळीस वर्षांनी. त्या चौघांत आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. ती काही दफेदारसाहेबांची विद्यार्थिनी नव्हे, पण त्यांचा आनंद पाहून कोणालाही तसेच वाटले असते. पुन्हा जिलेबी आली, घोड्यांना पुन्हा गूळ. त्या गर्दीत मी त्यांच्याशेजारी बसून म्हटले, "उस्ताद, तुम्हाला ती सितारा आठवते? त्या रात्री कोठी..." तेवढ्यात एक पोर घोड्यावरून घसरले. ते उभे राहिले. "बाग छोडी थी क्या?" म्हणून ओरडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ते मग बोलू, बेटी." मग म्हणजे केव्हा, हे मी विचारले नाही. दर शनिवारी भेट होत होती. आज नको, पुढच्या वेळी, असे मीच करीत राहिले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. ओसरीवर त्यांचे बूट ठेवलेले होते, तेल लावून चकचकीत केलेले. ते काम ते रात्री स्वतः करीत. मोठ्या मुलाला मी सारे सांगितले. जानेवारीतील ती रात्र, कडी, पगारातील कपात. त्याचे वय आता पन्नाशीच्या आसपास. ऐकून घेतले, थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "अब्बा घोड्यांचे घरी काही बोलत नसत. पण त्या वर्षी ईदेला आम्हाला नवे कपडे आले नव्हते, एवढे मला आठवते. अम्मीने कारण विचारले होते." कोणते कारण सांगितले, ते मी विचारू शकले नाही.

नातीलाही परवा सांगून टाकले. तिने पहिला प्रश्न केला, "सितारा मग किती वर्षे जगली?" मी म्हटले, नऊ. ती हिशेब करीत राहिली. शाळा अद्याप बंद आहे. नवे शिक्षक पुढच्या शनिवारपासून यावयाचे आहेत. नातीने आपले बूट काढून ठेवले आहेत आणि ती जाणार आहे की नाही हे काही बोलत नाही. मी तेलाची वाटी तिच्या खोलीत नेऊन ठेवली आहे.