होडी कोणती, यंत्र किती अश्वशक्तीचे आणि निर्णय कोणाचा?

किनाऱ्यावरील श्रमजीवी मच्छिमाराला आयुष्यात जे मोजके मोठे आर्थिक निर्णय घ्यावे लागतात, त्यांत नव्या होडीची व तिच्या यंत्राची निवड हा सर्वांत जोखमीचा. शेतकऱ्याच्या जमिनीप्रमाणे ही होडी पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही, आणि गिरणी कामगाराप्रमाणे उत्पादनाचे साधन दुसऱ्याचे आहे असेही येथे नसते. ते साधन कागदोपत्री मच्छिमाराचे असते, प्रत्यक्षात मात्र बहुधा कर्ज देणाऱ्याचे असते. म्हणूनच ॲल्युमिनियमची होडी बरी की फायबरची, नऊ अश्वशक्तीचे यंत्र पुरे की पंचवीस हवे, हे प्रश्न केवळ कारागिरांचे व दुकानदारांचे आहेत असे मानून मच्छिमार वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना स्वस्थ बसता येणार नाही.

यंत्राचा जन्म कोठे झाला?

होडीच्या मागल्या फळीला बाहेरून अडकवायचे आउटबोर्ड यंत्र व्यापारी यशास पोहोचले ते अमेरिकेत. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिराने १९०९ साली मिल्वॉकी येथे त्याचा कारखाना काढला. तळ्यांच्या त्या प्रदेशात हौशी मासेमारी व नौकाविहार करणारा वर्ग हे त्याचे मुख्य ग्राहक होते. ॲल्युमिनियमच्या छोट्या होडीचा इतिहासही असाच बोलका आहे. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा लढाऊ विमाने बनविणाऱ्या ग्रमन कंपनीने १९४५ मध्ये ॲल्युमिनियमच्या डोंग्या बाजारात आणल्या. युद्धासाठी उभारलेल्या उत्पादनक्षमतेला शांततेच्या काळात गिऱ्हाईक हवे होते, ते असे मिळाले.

म्हणजेच ही दोन्ही साधने गोड्या पाण्यासाठी, हलक्या ओझ्यासाठी आणि सुटीच्या दिवसासाठी घडली. ती टाकाऊ आहेत असा याचा अर्थ नाही. तथापि, वर्षातून दोनशे दिवस खाऱ्या पाण्यात जाळ्यांचे ओझे वाहणाऱ्या खलाशाच्या गरजेतून ती निर्माण झालेली नाहीत, हे निवड करताना विसरता कामा नये.

केरळचा अनुभव

लहान होड्यांवर आउटबोर्ड यंत्र का व कसे आले, हे समजून घेण्यासाठी केरळचा किनारा हे सर्वांत बोधप्रद उदाहरण आहे. १९५२ च्या करारानुसार सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाने कोल्लमजवळ नींदकरा येथे यांत्रिक नौकांचा पाया घातला. हेतू सामान्य मच्छिमाराचे जीवनमान उंचावण्याचा होता. परंतु कोळंबीला अमेरिका व जपानची बाजारपेठ मिळताच मासेमारीशी पिढीजात संबंध नसलेले भांडवल ट्रॉलरांत गुंतू लागले. समुद्राचा तळ खरवडणारी ही जाळी किनाऱ्यालगत येऊ लागली, आणि १९७० च्या दशकात वल्ही-शिडाच्या होड्यांवर जगणाऱ्यांची मासळी घटली.

त्यातून संघर्ष पेटला. १९८० चा केरळ सागरी मत्स्यव्यवसाय नियमन कायदा आणि १९८८ पासूनची पावसाळी ट्रॉलबंदी ही त्या दीर्घ लढ्याची फळे होत. परंतु कायदा येईपर्यंत पोट थांबत नाही. १९८० च्या सुमारास पारंपरिक मच्छिमारांनी होड्यांना आउटबोर्ड यंत्रे लावण्यास झपाट्याने सुरुवात केली, ती हौसेपोटी नव्हे. ट्रॉलरांनी उपसलेल्या पट्ट्यापलीकडे जाण्यासाठी आणि मासळी ताजी असताना परतण्यासाठी त्यांना दुसरा मार्ग उरला नव्हता. "यंत्रामुळे परंपरा बिघडली" अशी हळहळ व्यक्त करणाऱ्या शहरी टीकाकारांनी हे लक्षात घ्यावे. ज्यांची पाठ वल्हे मारून वाकली आहे, त्यांना पुन्हा वल्ह्याकडे जा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

यंत्राच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात केरळच्या मच्छिमारांनी आपल्या होड्या मालमोटारींवर चढवून चेंगन्नूर, आलुवा यांसारख्या किनाऱ्यापासून आत असलेल्या भागांत नेल्या आणि बुडत्या घरांतून माणसे बाहेर काढली. होडी हलकी होती आणि यंत्र सुटे करता येत होते, म्हणूनच हे शक्य झाले.

आधी किनारा, मग होडी

निवडीचा पहिला नियम असा की, होडी दुकानात नव्हे, किनाऱ्यावर ठरते. जेथे बंदर नाही, वाळूवरून होडी ढकलावी लागते आणि फुटत्या लाटांची भिंत ओलांडावी लागते, तेथे आत बसविलेले जड डिझेल यंत्र व तळाखाली कायम फिरता पंखा निरुपयोगी ठरतो. आउटबोर्डचा पंखा वर उचलता येतो, हा तेथे त्याचा खरा गुण. उलट जेथे खाडीचा आसरा आहे, तेथे सावकाश फिरणारा मोठा पंखा व डिझेल यंत्र इंधनाच्या हिशेबात सरस ठरते. महाराष्ट्रात खाड्यांच्या मुखाशी वसलेल्या अनेक गावांत डिझेल नौका रुजल्या, त्याचे एक कारण हेच आहे.

दुसरा प्रश्न होडीच्या द्रव्याचा. दक्षिण केरळ व कन्याकुमारी भागात कट्टुमरम व कोरीव होड्यांसाठी लागणारे मोठे लाकूड दुर्मिळ व महाग झाले. तेव्हा मुट्टम येथे सागरी प्लायवूडच्या होड्यांचा प्रयोग झाला आणि त्या गावोगाव पसरल्या. त्यांचे यश केवळ स्वस्ताईत नव्हते. स्थानिक सुतार त्या बांधू शकत होता आणि फुटलेली फळी गावातच सांधली जात होती.

ॲल्युमिनियमची कसोटीही याच मापाने घ्यावी. या धातूची घनता २.७ आहे, तर पोलादाची सुमारे ७.८. त्यामुळे होडी हलकी होते व थोड्या शक्तीत चालते. लाकडाप्रमाणे तिला समुद्रकिडा लागत नाही. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने लाकडी होड्यांच्या तळाला तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा ठोकण्याची पद्धत विकसित केली, ती याच गुणामुळे. मात्र खाऱ्या पाण्यासाठी मॅग्नेशियमयुक्त सागरी प्रतीचाच पत्रा हवा. भांड्यांचा किंवा छपराचा पत्रा चालत नाही. पितळेचा एखादा खिळा किंवा तांबेयुक्त रंग लावला, तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंमध्ये वीज खेळते आणि ॲल्युमिनियमला भोके पडतात. ते टाळण्यासाठी झिंकचे ठोकळे जोडून ते वेळोवेळी बदलावे लागतात. रिव्हेट मारलेले सांधे लाटांच्या आपटण्याने सैल होतात. जोडकाम केलेले सांधे टिकतात, पण त्यांच्या दुरुस्तीला आर्गॉन वायूचे जोडकाम जाणणारा कारागीर लागतो. तो पन्नास किलोमीटरवर असेल, तर होडी पंधरा दिवस वाळूवर पडून राहील आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबणार नाही.

धरणांच्या जलाशयांत परिस्थिती निराळी आहे. तेथे पाणी गोडे, फुटत्या लाटा नाहीत आणि दोन माणसांनी उचलून नेता येईल अशा होडीची गरज. कित्येक जलाशयांत मच्छिमार आजही मोटारीच्या ट्यूबवर किंवा थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जीव धोक्यात घालून जाळी टाकतात. तेथे ॲल्युमिनियमची लहान होडी हे खरोखर योग्य साधन आहे, आणि बहुतेक ठिकाणी तिला यंत्राचीही गरज नाही. परंतु तेथे होडीहून मोठा प्रश्न पाण्यावरील हक्काचा आहे. मध्य प्रदेशातील तवा जलाशयात विस्थापित आदिवासींच्या सहकारी संघाने १९९६ ते २००६ या काळात मासेमारीचा हक्क स्वतः चालवून दाखविला. हक्क ठेकेदाराच्या हाती असेल, तर उत्तम होडीसुद्धा त्याच्याच गल्ल्यासाठी मासे वाहते.

अश्वशक्तीची शर्यत

आता यंत्राकडे वळू. पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाला तिच्या लांबीने घातलेली मर्यादा असते. पाण्यातील लांबी पंचवीस फूट असेल, तर ही मर्यादा ताशी सुमारे पावणेसात सागरी मैल येते. या मर्यादेच्या आतही लागणारी शक्ती साधारणतः वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट हवा असेल, तर शक्ती तिपटीहून अधिक लागते. मर्यादेजवळ तर ही वाढ आणखी तीव्र होते. ती ओलांडायची असेल, तर होडीने पाण्यावर उचलून घसरले पाहिजे. जाळी, बर्फ व माणसे यांनी भरलेल्या होडीला ते क्वचितच साधते. तेव्हा मोठे यंत्र बसवून जे विकत घेतले जाते, ते बव्हंशी होडीमागची लाट आणि धूर होय.

त्यातही जुन्या पद्धतीच्या दोन-फटक्यांच्या यंत्रात सुमारे पाव हिस्सा इंधन न जळताच बाहेर पडते. चार-फटक्यांचे यंत्र इंधन वाचविते, पण ते जड व महाग असते आणि त्याची दुरुस्ती किचकट असते. आपल्याकडे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालविण्याची पद्धत पडली, कारण रॉकेल अनुदानित होते. हा पाया किती ठिसूळ होता, हे पुढे दिसून आले. केंद्र सरकारने रेशनच्या रॉकेलावरील अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करीत २०२० मध्ये संपुष्टात आणले. ज्या इंधनाच्या भरवशावर हजारो कुटुंबांनी कर्ज काढले, त्याची किंमत त्यांना न विचारता बदलली गेली.

भार कोणावर?

येथे खरा वर्गीय प्रश्न उभा राहतो. बहुतेक किनाऱ्यांवर मासळीच्या विक्रीतून आधी इंधनाचा खर्च वजा होतो आणि उरलेल्या रकमेचे मालक व खलाशी यांच्यात वाटे पडतात. उदाहरणादाखल समजा, विक्री ४००० रुपयांची झाली आणि इंधनाला १५०० लागले. उरले २५००. मालकाचा वाटा ४० टक्के धरला, तर त्याला १००० आणि चार खलाशांना मिळून १५००, म्हणजे माणशी ३७५. आता मालकाने मोठे यंत्र बसविले, इंधन २००० रुपयांचे झाले आणि मासळी तेवढीच राहिली. उरलेल्या २००० पैकी मालकाला ८००, खलाशांना १२००, माणशी ३००. वाढलेल्या ५०० रुपयांपैकी ३०० खलाशांनी भरले. यंत्र निवडताना त्यांना कोणी विचारले होते?

मोठ्या यंत्राने मासळी वाढतेच, असा युक्तिवाद यावर केला जाईल. एकट्याकडे मोठे यंत्र असते तोवर तो खरा असतो, कारण तो इतरांच्या आधी थव्यापाशी पोहोचतो. सर्वांनी तसे यंत्र घेतले की सर्व पुन्हा बरोबरीत येतात. फरक एवढाच की प्रत्येकाच्या डोक्यावर कर्ज असते. यंत्र मासे निर्माण करीत नाही. केरळमध्ये मोठ्या रिंग-सीन होड्यांवर एकाच वेळी दोन-तीन यंत्रे लावण्यापर्यंत ही शर्यत पोहोचली. नफा झाला तो यंत्र विकणारास, इंधन विकणारास आणि लिलाव करणाऱ्या दलालास. हा दलालच पुष्कळदा यंत्रासाठी पैसे पुरवितो आणि बदल्यात मासळी आपल्यामार्फतच विकण्याचे बंधन घालतो. व्याज दिसत नाही, ते मासळीच्या भावातून वसूल होते.

करावयाचे काय?

या जाळ्यातून बाहेर पडण्याचा मार्ग कल्पनेतला नाही. १९८० मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारतीय मच्छिमार संस्थांच्या महासंघाने गावपातळीवरील संस्थांमार्फत मासळीची विक्री, बचत व कर्ज ही तिन्ही कामे एकत्र बांधली, होड्या बांधण्याचे व यंत्रदुरुस्तीचे कारखाने चालविले. कर्जाची परतफेड मासळीच्या विक्रीतून कापली जाऊ लागली, त्यामुळे ज्या दिवशी मासळी नाही त्या दिवशी हप्त्याचा तगादा नाही. ज्याच्या हाती विक्री, त्याच्याच हाती यंत्र, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

मच्छिमार संघटनांत काम करणाऱ्यांनी पुढील मुद्दे आग्रहाने मांडले पाहिजेत. पहिला, यंत्राची शक्ती गावाच्या सभेत ठरावी, त्या सभेत खलाशांना मालकांइतकेच मत असावे आणि किनारपट्टीनिहाय अश्वशक्तीची मर्यादा कायद्याने बांधावी. दुसरा, इंधनाची मदत यंत्राच्या आकाराप्रमाणे वाढती न ठेवता प्रत्यक्ष समुद्रावर जाणाऱ्या माणसांच्या संख्येवर द्यावी. नाहीतर अनुदानच मोठ्या यंत्राला बक्षीस ठरते. तिसरा, कर्ज मंजूर होण्यापूर्वी दुरुस्तीची सोय व सुटे भाग जवळ मिळतात काय, याची तपासणी व्हावी. चौथा, किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातील ट्रॉल व पर्ससीन बंदीची कडक अंमलबजावणी व्हावी. मासळी जवळ मिळाली, तर तिच्यामागे दूर धावण्यासाठी मोठे यंत्र लागणारच नाही. इंधन वाचविण्याचा याहून खात्रीचा उपाय कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

पुरेसे लहान यंत्र, गावात सांधता येणारी होडी आणि विक्रीवर स्वतःचा ताबा या तीन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. यांतील एक सुटली की उरलेल्या दोन्ही दलालाच्या हाती जातात. म्हणून नवी होडी घेण्याची चर्चा वस्तीत सुरू होईल, तेव्हा कार्यकर्त्याने किंमतपत्रकाआधी वाट्याचा हिशेब मागावा, आणि तो तांडेलासमोरच नव्हे, शेवटच्या खलाशासमोरही मोठ्याने वाचून दाखवावा.