खिशातला चाकू राखण करत नाही, कोर्टात नेतो

बाभुळगाव तालुक्यात शेती करणाऱ्या माणसाला भीती नवी नाही. रात्रीच्या लाइनवर ओलित करायला एकट्याने वावरात जावे लागते. डुकरांसाठी जागल करावी लागते. यवतमाळला नाहीतर धामणगावला कापूस विकून, खिशात रोकड घेऊन अंधारात परतावे लागते. त्यात कोणाशी धुऱ्याचा वाद चालू असला तर जिवाला आणखी घोर. ही भीती खरी आहे, तिला हसण्याचे कारण नाही. पण आता या भीतीवर काही लोकांचा धंदा चालू आहे आणि त्या धंद्यात आपली पोरे फसत आहेत, म्हणून हा विषय.

मोबाइल उघडला की जाहिरात येते. काळ्या मुठीचा, दातेरी पात्याचा, बटण दाबताच उघडणारा चाकू. खाली शब्द असतात सेल्फ डिफेन्स, सर्व्हायव्हल, टॅक्टिकल. किंमत काहीशे रुपये, तेही माल घरी आल्यावर द्यायचे. पोरांना वाटते, एवढा उघड विकतात म्हणजे सरकारची परवानगी असणारच. इथेच गल्लत होते. वस्तू उघड विकली जाते एवढ्यावरून ती कमरेला लावून फिरणे कायदेशीर ठरत नाही. विकणे वेगळे, घरात ठेवणे वेगळे आणि सोबत घेऊन फिरणे वेगळे.

कायदा कुठे अडवतो?

पहिला कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली वस्तू म्हणजे शस्त्र, अशी त्याची व्याख्या आहे. ‘बचावासाठी’ हा शब्द नीट वाचा. ‘साहेब, मी तर स्वतःच्या बचावासाठी ठेवला होता’ हे उत्तर पुष्कळ जण ठाण्यात देतात आणि त्यांना वाटते आपण सुटलो. उलट ती वस्तू शस्त्र म्हणून जवळ होती, याची ती कबुलीच झाली.

याच व्याख्येत शेतकऱ्याला एक मोठी सवलत आहे. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी असलेल्या वस्तू, तसेच लाठी आणि साधी हातकाठी, यांना हा कायदा शस्त्र मानत नाही. विळा, कुऱ्हाड, कोयता घेऊन वावरात जाणारा माणूस गुन्हेगार नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांतील यादीत तलवार, गुप्ती, खंजीर, भाला ही नावे आहेत. तसेच ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकूही आहेत, मात्र घरकामाचे आणि शेतीचे सोडून. केंद्र सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात अशी शस्त्रे विनापरवाना जवळ बाळगली तर कलम ४ आणि २५ लागते. शिक्षा किमान १ वर्ष, जास्तीत जास्त ३ वर्षे आणि वर दंड. पेपरात ‘आर्म्स ॲक्ट ४/२५ नुसार गुन्हा दाखल’ असे आपण वाचतो ते हेच.

मग कोणी म्हणेल, आमच्या चाकूचे पाते आठच इंच आहे. जाहिरातवालेही हेच सांगतात, की पाते मापात आहे, काळजी नको. पण इथे दुसरा कायदा उभा राहतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, मनाई आदेश काढू शकतात. पोळा, गणपती, दुर्गोत्सव, निवडणुका, मोर्चे अशा वेळी हे आदेश निघतात, साधारण पंधरा दिवसांचे, आणि एक संपला की पुष्कळदा दुसरा निघतो. त्यात तलवार, भाला, चाकू, सोटा, लाठी आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू सोबत बाळगायला मनाई असते. इथे पात्याचे माप कोणी विचारत नाही. आदेश मोडला तर कलम १३५ खाली १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि न्यायालयाने खास कारण लिहून ठेवल्याशिवाय ती ४ महिन्यांपेक्षा कमी देता येत नाही.

तात्पर्य, वावरात विळा हे अवजार आहे. मनाई आदेश चालू असताना तोच विळा कमरेला खोचून आठवडी बाजारात किंवा ग्रामसभेत गेलात तर प्रश्न उभा राहतो. म्हणून वस्तू कोणती एवढेच पाहू नका. ती कुठे, कधी आणि कशासाठी जवळ आहे तेही पाहा.

बचावाचा हक्क आहे, पण त्याला मर्यादा आहेत

आपल्या कायद्याने माणसाला भित्रे व्हायला सांगितलेले नाही. स्वतःच्या, दुसऱ्याच्या शरीराच्या आणि मालमत्तेच्या बचावाचा हक्क १८६० च्या दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवावर बेतले तर हाताला लागेल ती काठी, दगड, अवजार वापरून बचाव करता येतो.

पण त्याच्या दोन अटी ध्यानात ठेवा. पोलिसांची किंवा सरकारी अधिकाऱ्याची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. कापूस चोरणाऱ्याला अडवता येते. पण पोते टाकून पळत सुटलेल्याच्या पाठीत घाव घातला तर तो बचाव राहत नाही, सूड होतो. शिवाय आपण बचावात वार केला हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. आधीपासून चाकू जवळ होता म्हणून हक्क आपोआप बुडतो असे नाही. पण ‘हा तयारीनिशीच आला होता’ हा मुद्दा सरकारी वकिलाला आयता मिळतो.

धुऱ्यावरच्या भांडणाचे उदाहरण घ्या. दोघांच्या हातात काठ्या असल्या तर डोके फुटते, टाके पडतात, पुढेमागे समझोता होतो. एकाच्या खिशात चाकू असला तर त्याच भांडणात आतडे बाहेर येते. धारदार शस्त्राने साधी दुखापत केली तरी न्याय संहितेच्या कलम ११८(१) मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद आहे. गंभीर दुखापत असेल तर ११८(२) मध्ये किमान १ वर्षापासून थेट जन्मठेपेपर्यंत. माणूस गेला तर खुनाचे कलम १०३. हातभर धुऱ्यासाठी दोन घरे उठतात आणि वावर वकिलाच्या फीमध्ये जाते.

विकणारा दूर, घेणारा हजर

हा माल येतो कसा, तेही पाहा. मे २०१८ मध्ये औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) दंगलीनंतर काही दिवसांतच तिथल्या पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू जप्त केले. एप्रिल २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी पंजाबातून कुरिअरने आलेल्या ९० हून अधिक तलवारी पकडल्या. त्याच महिन्यात धुळे जिल्ह्यात सोनगीरजवळ महामार्गावर एका गाडीत ८९ तलवारी सापडल्या. राजस्थानातल्या चित्तोडगडहून त्या जालन्याकडे चालल्या होत्या.

यातून आपण एक गोष्ट घ्यायची. ऑनलाइन मागवलेल्या प्रत्येक पार्सलवर घेणाऱ्याचे नाव, गाव आणि मोबाइल नंबर असतो. पोलिसांना शोध घ्यावा लागत नाही, पत्ता आपणच लिहून दिलेला असतो. विकणाऱ्या संकेतस्थळाला मात्र ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असे म्हणून २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ७९ चा आधार शोधता येतो. खरा विक्रेता दुसऱ्या राज्यात. ‘शोभेची वस्तू’, ‘कॅम्पिंगसाठी’, ‘स्थानिक कायदा ग्राहकाने पाहावा’ अशा बारीक अक्षरांतल्या ओळींत सगळी जबाबदारी घेणाऱ्याच्या डोक्यावर टाकलेली असते. नफा त्यांचा, तारखा आपल्या.

गावातल्या लोहारबंधूंनीही जपून राहावे. विळे-कुऱ्हाडी घडवणे हा पिढीजात धंदा आहे, त्याला कोणी हात लावत नाही. पण कोणी पोरगा मोबाइलवर फोटो दाखवून तलवार किंवा खंजीर घडवून मागत असेल तर सरळ नाही म्हणा. विनापरवाना शस्त्र बनवण्या-विकण्याची शिक्षा ते बाळगण्याच्या शिक्षेपेक्षा कितीतरी जड आहे.

सर्वांत मोठा तोटा पोरांचा

आपल्या भागातली कितीतरी पोरे पहाटे उठून रस्त्याने धावतात, कशासाठी? पोलीस भरती, सैन्य भरती. याच वयात एखादा मित्राच्या वाढदिवसाला तलवारीने केक कापतो आणि त्याचा फोटो स्टेटसला ठेवतो. तो फोटो ठाण्यात पोहोचायला वेळ लागत नाही आणि अशा प्रकरणांत राज्यात ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले आहेत. पुढे निवड झाली तरी चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा लिहावाच लागतो. लपवला तर लपवल्याबद्दल नोकरी जाते. पासपोर्टलाही अडचण. गुन्हे वाढत गेले तर तडीपारीची नोटीस, ती दोन वर्षांपर्यंतची असू शकते. काहीशे रुपयांच्या चाकूची ही खरी किंमत जाहिरातीत छापलेली नसते.

मग करायचे काय?

धुऱ्याचा वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर तहसीलदारांकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली दाद मागता येते. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. वेळ लागतो, चकरा पडतात, हे खरे. पण त्या चकरा कोर्टातल्या चकरांपेक्षा कमीच. कोणी धमकी दिली तर त्याच दिवशी ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उद्या प्रसंग आलाच तर तुमच्या बाजूने तो कागद बोलेल. तातडीला ११२ नंबर आहे.

जागलीला एकटे जाऊ नका. शेजारच्या दोन-तीन वावरांनी मिळून पाळी लावा, सोबत बॅटरी, काठी, शिटी असू द्या. आपल्याच जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात २०१६ ते २०१८ या काळात वाघिणीची दहशत होती, तेव्हा लोकांना सोबतीने जाण्याचाच आधार होता. वाघासमोर खिशातला चाकू काय कामाचा?

पोलीस पाटलांवर तर १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने गावच्या शांततेची जबाबदारीच टाकली आहे. मनाई आदेश निघाला की तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, कोतवालाकडून दवंडी द्या. आदेशात कोणाला सूट आहे तेही वाचून दाखवा. सरपंचांनी हा विषय ग्रामसभेत एकदा घ्यावा. २००७ साली सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीम पुष्कळ ठिकाणी कागदावर राहिली, पण समितीचे चार शहाणे माणूस प्रत्येक गावात अजून आहेत. पोरांना गुन्हा दाखल झाल्यावर सोडवायला धावण्यापेक्षा आधी समजावायला त्यांना बोलवा.

आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी एवढे करावे. पोराच्या नावाने पार्सल आले तर ते त्याच्यासमोर उघडायला सांगावे. आत चाकू निघाला तर तो त्याच दिवशी परत पाठवावा.