भाकऱ्या भाजणारीचे नाव कोठे आहे?

मांडवी नदी समुद्राला मिळते तेथे आग्वादचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १६१२ साली पुरा केला. आत गोड्या पाण्याचे मोठे टाके असल्याने येणारी-जाणारी गलबते येथे पाणी भरत. पुढे याच किल्ल्याच्या खालच्या अंगाला तुरुंग झाला. २०१५ पर्यंत तेथे कैदी होते. आता त्याचे संग्रहालय झाले आहे. १९ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. नुकताच ते पाहण्याचा योग आला.

डॉ. राममनोहर लोहिया यांना १९४६ साली डांबले ती कोठडी तेथे जपली आहे. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचीही आहे. कुन्हांना लष्करी कोर्टाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पुढे पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात नेले. कोठडीच्या दारात उभे राहिले की बाहेर लाटांचा आवाज आणि आत चार भिंती. पोराबाळांना एकदा तरी दाखवून आणावे असे हे ठिकाण आहे.

पण परत येताना मनात वेगळेच घोळत होते. पुढाऱ्यांची नावे राहिली, ती राहायलाच हवीत. आमच्या हद्दीवरच्या गावांचे काय? १९५५ साली सत्याग्रहींच्या तुकड्या बांद्याच्या बाजूनेही गोव्यात शिरल्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. पंजाबचा कर्नेलसिंग तेथे पडला. एवढी माणसे आली, ती कोणाच्या पडवीत निजली? त्यांना वाट कोणी दाखवली? जखमींना कोणी उचलून आणले?

आमच्याकडच्या एका आजोबांना हे विचारले. ते म्हणाले, "माझ्या आयशीन रातभर भाकऱ्यो भाजल्यो. तिचा नाव खंय लिवलेला आसा?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. १९५५ साली दहा वर्षांचे असलेले पोर आज ऐंशीच्या घरात आहे. ही माणसे गेली की विचारायचे कोणाला?

कोणी म्हणेल, गावात धड रस्ता नाही, मे महिन्यात विहीर तळाला जाते, आणि तुम्हांला संग्रहालय सुचते! म्हणणे खोटे नाही. पण आम्ही इमारत मागत नाही. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत एक कुलपाचे कपाट आणि एक जाड वही, एवढ्यावर काम सुरू होते. शाळेच्या मुलांनी घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांचे बोलणे मोबाईलवर घ्यावे. सांगणाऱ्याचे नाव, वाडी, तारीख वहीत लिहावी. ऐकीव काय आणि डोळ्यांनी पाहिलेले काय, तेही वेगळे लिहावे. माळ्यावर पडलेले नांगर, जू, इरले, पायली ही अवजारे आणि मापे कोणी आपखुशीने दिली तर देणाऱ्याच्या नावासह ठेवावीत.

मोडी कागदांचे मात्र जपून. माळ्यावरची बोचकी कित्येक घरांत वाळवीने खाल्ली, कित्येकांनी चुलीत घातली. त्यात साऱ्याच्या पावत्या असतात, वाटणीपत्रे असतात. जमिनीच्या तंट्यात त्यांचा उपयोग होतो. म्हणून अस्सल कागद ज्याचा त्याच्या घरीच राहू द्यावा, कपाटात फक्त नक्कल ठेवावी. पंचायतीचे जुने दप्तर रद्दीत काढण्यापूर्वी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ते एकदा जाणत्या माणसाला दाखवावे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले. त्यात आपल्या जिल्ह्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. आनंदच आहे. किल्ल्यांकडे आता सरकार बघेल, जग बघेल. भाकऱ्या भाजणाऱ्या त्या माउलीचे नाव लिहायला मात्र बाहेरचा कोणी येणार नाही. येत्या ग्रामसभेत पाणी, रस्त्याचे विषय संपले की पाच मिनिटे हा विषय घ्या. कपाट मागाहून आले तरी चालेल. वही उद्याच घाला.