हुद्दा, मान आणि निवृत्त सैनिक

बेळगावच्या पंचक्रोशीत ज्यास लोक 'सुभेदार' किंवा 'हवालदार' म्हणून हाक मारतात असा एकही वृद्ध नसलेले गाव विरळाच. आईबापांनी ठेवलेले नाव मागे पडते, पलटणीने दिलेले उरते. असे चार निवृत्त सैनिक देवळाच्या कट्ट्यावर एकत्र बसले की बोलणे फिरून फिरून एकाच ठिकाणी येते. फीत कोणास केव्हा मिळाली, जागा रिकामी न झाल्यामुळे कोणाची सुभेदारी हुकली, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर कोण ऑनररी कॅप्टन झाला! तरुण मंडळी हे ऐकून हसतात. आमच्या मते ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्याने उमेदीची वर्षे या शिडीवर घालविली, त्याने तिच्या पायऱ्या मोजू नयेत असे म्हणण्याचा अधिकार शिडीवर कधीच न चढलेल्यांस कोणी दिला?

या हुद्द्यांचा इतिहासही विचार करावयास लावणारा आहे. नाईक, हवालदार, सुभेदार हे शब्द इंग्रजांनी आणलेले नाहीत. शिवकाळात किल्ल्याचा हवालदार म्हणजे किल्ल्याचा मुख्य अधिकारी. सुभेदार म्हणजे सुभ्याचा कारभारी; मल्हारराव होळकरांच्या नावामागे ही पदवी मोठ्या अभिमानाने लागत असे. कंपनी सरकारने शब्द तेच ठेवले. त्यांतील सत्ता मात्र काढून घेतली. वीस-पंचवीस वर्षे रणांगणे पाहिलेला सुभेदार, विलायतेहून कालपरवा आलेल्या विशीतल्या लेफ्टनंटाच्या हाताखाली उभा राहू लागला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ही भिंत थोडी फुटली. 1919 मध्ये इंदूरच्या डेली कॉलेजातून जे मोजके हिंदी तरुण राजाची सनद घेऊन बाहेर पडले, त्यांतील करिअप्पा 15 जानेवारी 1949 रोजी भारताचे सरसेनापती झाले. 'जमादार' हा हुद्दा 1965 मध्ये जाऊन त्याचा 'नायब सुभेदार' झाला.

कित्येकांस तर या शिडीची पहिली पायरीही नाकारली गेली. ज्या महार समाजाने मुंबई इलाख्याच्या फौजेस सुभेदार दिले, बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार ज्यातले, त्या समाजाची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद झाली. तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर अर्ज-विनंत्या घेऊन उभे राहिले. पहिल्या महायुद्धात गरज पडताच महार पलटण उभारली, आणि 1921 मध्ये ती मोडून टाकली! पुढे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती ऑक्टोबर 1941 मध्ये, आणि तीही आमच्या बेळगावात. फीत हा कापडाचा तुकडा नव्हे, माणूस म्हणून मिळालेली मान्यता आहे, हे ज्यांस ती नाकारली गेली त्यांच्याइतके कोणास कळणार?

तथापि हुद्दा म्हणजे पराक्रमाचे माप नव्हे, हेही तितकेच खरे. मराठा पलटणींतील दोघा वीरांना दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै 1944 मध्ये धारातीर्थी पडलेले यशवंत घाडगे नाईक होते, आणि एप्रिल 1945 मध्ये जखमी सहकाऱ्यांस वाचविणारे नामदेव जाधव साधे शिपाई होते. शौर्याने हुद्द्याची वाट पाहिली नाही.

मग हुद्दा हुकतो तो कशाने? पुष्कळदा नालायकीने नव्हे, तर गणिताने. शिपाई अनेक, हवालदार थोडे, सुभेदार त्याहून थोडे, आणि पलटणीचा सुभेदार मेजर एकच. बढतीसाठी परीक्षा उत्तीर्ण होऊनही जागा नसली म्हणजे माणूस थांबतो, आणि पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. सरकारने 8, 16 आणि 24 वर्षांच्या सेवेनंतर वरच्या श्रेणीचे वेतन देण्याची सोय केली आहे. तिने पेन्शन वाढते, खांद्यावर तारा येत नाही. ही खंत आम्हांस रास्त वाटते. जवानांस अधिकारी होण्याचा मार्ग आर्मी कॅडेट कॉलेजातून आहे. सैनिकांच्या मुलांसाठी 1945 मध्ये निघालेली लष्करी शाळा बेळगावातच आहे. परंतु खेड्यातील किती घरांत या वाटांची माहिती वेळेवर पोहोचते? ती पोहोचविण्याचे काम निवृत्त सुभेदारांनी अंगावर घ्यावे. आपली हुकलेली पायरी पुढच्या पिढीस गाठून देणे, यासारखे समाधान दुसरे नाही.

आणि आता एक नवा प्रश्न दाराशी आला आहे. 2022 पासून अग्निपथ योजनेखाली भरती झालेला तरुण चार वर्षे सेवा करतो. त्यांतील फार तर पंचवीस टक्के कायम होतात. बाकीचे ऐन तारुण्यातच परत येतील. हातात एकरकमी निधी असेल, पेन्शन नसेल, आणि नावामागे लावावयास हवालदारीही नसेल. ज्या समाजाने आजवर हुद्दा पाहून मान दिला, तो या मुलांस कोणत्या नावाने हाक मारणार? बँकेच्या दाराशी बंदूक देऊन उभे करणे, एवढेच जर आपणांस सुचत असेल, तर ती आपल्या कल्पकतेची दिवाळखोरी होय. सहकारी संस्थांनी, कारखानदारांनी, शाळांनी आणि नगरपालिकांनी आजच सांगावे, की या शिस्तीचा आणि या हातांचा उपयोग आम्ही अमुक कामी करू. जुन्या सुभेदारांचा मान आपण तोंडाने पुष्कळ राखला. या बिनहुद्द्याच्या सैनिकांचा मान कामाने राखता येतो की नाही, यावरच आपली परीक्षा होणार आहे.