जुन्या घराला जोड

बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गेली. घरकर्जाचा अर्ज आला की जागा पाहायला जावे लागे. ओतूर असो, घोडेगाव असो की मंचर. काळ्या दगडाचे जोते, वर मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब-तुळया, ओसरी, सोपा, माजघर. आणि अंगणात उभा राहून घरधनी सांगे, ‘‘साहेब, हे पाडायचं आणि स्लॅबचं बांधायचं.’’

एकाने मात्र विचारले, ‘‘जुनं तसंच ठेवून मागं दोन खोल्या काढल्या तर?’’ वाढीव बांधकामाला कर्ज मिळत नव्हते असे नाही. पण लाकूड-मातीच्या घराची तारण म्हणून किंमत काय धरायची? मीच त्याला म्हटले, पाडून बांधा, कागद सोपे होतील. त्याने ऐकले.

फ्रँक गेरी २०२५ च्या डिसेंबरात वयाच्या ९६ व्या वर्षी गेले, तेव्हा मला तो शेतकरी आठवला. स्पेनमधील बिल्बाओचे गुगेनहाइम संग्रहालय बांधणारे हे गेरी. कॅलिफोर्नियात सांता मोनिका येथे त्यांनी १९७७ साली १९२० च्या सुमाराचे एक साधे दुमजली घर घेतले. बायकोला ते आवडले होते. वास्तुविशारद म्हटल्यावर पहिली कुदळ जुन्या घरावर पडायची! यांनी ते जागेवरच ठेवले आणि तीन बाजूंनी नवे बांधकाम चढवले. तेही पन्हाळी पत्रे, प्लायवूड आणि कुंपणाची तारेची जाळी वापरून. स्वयंपाकघर जुन्या भिंतीबाहेर, पूर्वी मोटार यायची त्या जागी आले. तिथली जमीन डांबराचीच. ओट्याशी उभे राहिले की जुन्या घराची बाहेरची खिडकी आता घरातच दिसे. शेजारी भयंकर संतापले. पुढे २०१२ साली अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेने याच घराचा गौरव केला.

पत्र्याचे ते घर मला स्वतःला राहायला आवडले नसते, हे कबूल करतो. पण जुने आणि नवे यांतला सांधा लपवायचा नाही, हे त्यातले धैर्य मोठे वाटते. आमच्याकडे वाड्यामागे पत्र्याची पडवी पिढ्यान्‌पिढ्या जोडली जाते; फक्त तिची लाज वाटते.

लोक जुने घर हौसेने पाडत नाहीत. माजघरात अंधार असतो, मोरी अडचणीची, संडास लांब. बाईमाणसांचे हाल होतात. मग एवढेच नव्या भागात न्यावे: स्वयंपाकघर, न्हाणी, संडास. ओसरी-सोपा राहू द्यावा. मात्र नव्या स्लॅबचे पाणी जुन्या भिंतीवर उतरू देऊ नये आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. ओल आत कोंडते आणि भिंत आतून खचते. भाऊबंदकीच्या वाटण्यांवर मात्र माझ्यापाशी उपाय नाही. कर्ज देणाऱ्यांनी तरी जुन्या खणांची किंमत शून्य धरू नये. माझ्यासारखा सल्ला तर मुळीच देऊ नये.

गेल्या वर्षी त्या घरावरून गेलो. घर नीटनेटके आहे, वर पाण्याची टाकी आहे. सागवानी खांब केव्हाच विकले गेले. जोत्याचे चार दगड तेवढे दारात पायरीला लावले आहेत.