पोराच्या छातीतला आवाज

शाळेत तपासणीचे पथक येते, डॉक्टर पोराच्या छातीला नळी लावतात आणि चिठ्ठी देतात : ‘हृदयात आवाज आहे, एको करून घ्यावा.’ राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत ही तपासणी होते. आपल्या परभणी जिल्ह्यात अशी चिठ्ठी नेमकी सुगीत आली की घरचे म्हणतात, “पोरगं तर रानात हरणासारखं पळतंय, त्याला काय झालंय?” सोयाबीन काढणीला आलेले, कापूस वेचायला माणूस मिळत नाही, चिठ्ठी फडताळात पडून राहते. ती तशी राहू देऊ नका.

हृदयातून मोठ्या धमनीत रक्त जाते त्या दाराशी एक झडप असते. तिला तीन पाकळ्या असतात. शंभरांतल्या एखाद्या-दुसऱ्या माणसात मात्र जन्मापासून दोनच असतात. हे मुलींपेक्षा मुलांत अधिक आढळते. ‘हृदयाला भोक’ म्हणतात तो प्रकार वेगळा. आईने ग्रहण पाळले नाही म्हणून असे होत नाही, तेव्हा सुनेला बोल लावू नये.

दोन पाकळ्यांवर पुष्कळ माणसे निम्मे आयुष्य बिनतक्रार काढतात. पण काही मुलांत त्या एकमेकींना चिकटून दार अरुंद होते, काहींत दार नीट मिटत नाही व रक्त मागे झिरपते. तक्रार नसते तेव्हाही हे चालू असते. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, चांगली आली म्हणून झडप चांगली असे मानू नये. पट्टीत झडप दिसत नाही, एकोत दिसते.

बाळंतपणाआधी जी सोनोग्राफी करतात, तिच्याच जातीचा हा एको. कानाला ऐकू न येणारा आवाज छातीत सोडायचा आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र काढायचे. स्वीडनमध्ये 1953 साली एडलर नावाचे डॉक्टर व हर्ट्झ नावाचे शास्त्रज्ञ यांनी जहाजांच्या कारखान्यातले, लोखंडातली चीर शोधण्याचे यंत्र आणून ते प्रथम हृदयावर लावून पाहिले. सुई नाही, कापाकापी नाही, क्ष-किरण नाहीत. छातीला गार मलम लावतात, अर्धा तास लागतो. फार लहान मूल रडत असेल तर झोपेचे औषध देतात, एवढेच.

दार किती अरुंद आहे हे यंत्राला कसे कळते, ते शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. मोटारीच्या पाइपाचे तोंड अंगठ्याने दाबले की पाणी जोराने उडते. रक्ताचेही तसेच. पूर्णा जंक्शनवर गाडी येताना शिटीचा सूर चढा लागतो आणि पुढे गेली की उतरतो. त्याच नियमाने यंत्र रक्ताचा वेग मोजते. वेगाचा वर्ग करून त्याला 4 ने गुणले की झडपेच्या अलीकडच्या व पलीकडच्या दाबातला फरक निघतो. वेग सेकंदाला 3 मीटर असेल तर 36, आणि 4 मीटर असेल तर 64. चारच्या वर गेला की झडप फार अरुंद झाली असे समजतात. अशा मुलाने डॉक्टर सांगेपर्यंत कुस्ती-कबड्डी खेळू नये, जड पोती उचलू नयेत. खेळताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, धाप लागणे यांपैकी काही झाले तर तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

काही मुलांत मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन दार रुंद करतात, काहींना शस्त्रक्रिया लागते. पथकाची चिठ्ठी, आधार व रेशनकार्ड घेऊन आधी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रिया बसतात, त्याची चौकशी तिथेच करा.

सौम्य निघाले तर मूल शाळेत जाईल, खेळेल. पण दात स्वच्छ ठेवा. किडक्या दातातले जंतू रक्तातून अशा झडपेवर जाऊन बसतात. एको मात्र सांगितलेल्या तारखेला पुन्हा करावाच. त्यात धमनी फुगली आहे का, हेही पाहतात. हा दोष घराण्यात चालतो, म्हणून आईबाप व भावंडांचाही एकदा एको करावा. चाळिशी-पन्नाशीत अशी झडप कडक होते, आणि वडिलांना बांध चढताना लागणारी धाप ही तिचीच असू शकते.

पहिल्या एकोचा कागद सांभाळून ठेवा. पुढच्या वर्षी वेग वाढला की तेवढाच राहिला, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतील.